छत्तीस इंच कुणाच्या मापाचे?



गराजमध्ये सुतारकाम सुरू करणारा आपला माणूस सगळ्यात आधी एक टेबल बांधतो, आणि ते टेबल ३६ इंच उंच असतं. का ३६? तर प्लॅनमध्ये तसं लिहिलंय. प्लॅनमध्ये का लिहिलंय, हे कुणी विचारत नाही.

गेल्या काही वर्षांत ओळखीच्यांची पाच-सहा टेबलं उभी राहताना बघितली, दोन-तीन उभी करायला हातही लावला. लाकूड कुठलं, वरची फळी किती जाड, वाइस पुढे की बाजूला, खाली चाकं हवीत की नकोत, यावर शनिवारच्या शनिवार चर्चा चालते. उंचीवर दोन मिनिटंही नाहीत. माझं म्हणणं बरोब्बर उलटं आहे. फळी पाइनची असो की मेपलची, टेबल चालेल. पण उंची चुकली तर दोन तासांत खांदा बोलायला लागतो. आणि आपण सगळे आठवडाभर कीबोर्डपुढे बसून खांदे, मान आणि कंबर आधीच गहाण ठेवलेले लोक आहोत, तेव्हा शनिवारी त्यात भर नको.

आधी या ३६ चा माग काढू. अमेरिकेतला स्वयंपाकघराचा काउंटर ३६ इंच उंच असतो. घर कॅलिफोर्नियात घ्या की ओहायोत, तीन लाखांचं घ्या की दहा लाखांचं, ओटा तोच. कॅबिनेटचे खोके साडेचौतीस इंचांचे येतात, वर दीड इंचाचा काउंटर, झाले छत्तीस. गंमत म्हणजे अमेरिकन स्वयंपाकघराला शिस्त लावण्यात जिचा मोठा वाटा, ती लिलियन गिलब्रेथ (बारा मुलांची आई आणि इंडस्ट्रियल इंजिनियर, जिच्या मुलांनी १९४८ साली आपल्या घरावर 'चीपर बाय द डझन' हे पुस्तक लिहिलं, तीच) सांगत होती की कामाच्या जागेची उंची काम करणाऱ्या बाईच्या उंचीप्रमाणे ठरवा. पण कारखान्यात खोके बनवायचे तर एकच माप सोयीचं. बाईचं माप मागे राहिलं आणि खोक्याचं माप जिंकलं. पुढे गराजमध्ये टेबल करणाऱ्यांनी तेच उचललं, कारण डोळ्याला तीच उंची 'उभ्यानं काम करायची उंची' म्हणून सवयीची झाली होती.

यात काय बिघडतं ते आपल्या घरातल्या बायकांना विचारा. भारतातून आई किंवा सासूबाई आल्या, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी "इथे पोळ्या करताना खांदा भरून येतो गं" हे वाक्य येतंच. त्यांना वाटतं हवेमुळे. हवेचा काही संबंध नाही. हिशोब करा. काउंटर ३६, वर पायांचा पोळपाट, म्हणजे कणीक झाली ३७-३८ इंचांवर. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून साधारण साडेअडतीस इंचांवर असतं. म्हणजे त्या कोपराच्याच उंचीवर लाटताहेत. लाटण्यावर वजन द्यायला शरीर वरून यावं लागतं, ते येत नाही. मग खांदे वर उचलायचे, कोपरं बाहेर काढायची आणि सगळा जोर दंडातून काढायचा. आपल्याकडे ओटा बहुधा ३२ ते ३४ इंचांचा असतो, आणि स्वतःचं घर बांधताना तर गवंडी घरच्या बाईला समोर उभी करून खूण करून घेतो. त्याहून मागच्या पिढ्या तर परात खाली घेऊन बसूनच कणीक तिंबायच्या, कारण तिंबायला वजन लागतं.

रंधा मारणं हे पोळी लाटण्याच्या जातीचं काम आहे. वरून थोडा दाब, पुढे भरपूर रेटा. तो रेटा हातांतून यायला नको, पायांतून आणि कमरेतून यायला हवा. मागचा पाय जमिनीत रोवायचा, हात जवळजवळ स्थिर ठेवायचे आणि धड पुढे न्यायचं. टेबल खाली असेल तर दंड सरळ राहतो आणि शरीराचं वजन आपोआप रंध्यावर येतं. टेबल वर असेल तर कोपर वाकतं, आणि वाकलेल्या कोपरातून रेटा द्यायचा म्हणजे दंडाचा मागचा स्नायू आणि खांदा यांनी एकट्यांनी लढायचं. फर्स्ट इयरला स्टॅटिक्समध्ये मोमेंट काढायला शिकवतात ते इथे कामाला येतं. बाकी कुठे आलेलं मला तरी आठवत नाही :-)

म्हणून हातरंध्यासाठी एक जुना ठोकताळा आहे, जो ख्रिस्तोफर श्वार्झ या अमेरिकन सुतार-लेखकानं आपल्या बेंचवरच्या पुस्तकातून (पहिली आवृत्ती २००७) पुष्कळ लोकांपर्यंत पोचवला. सरळ उभं राहायचं, हात बाजूला सैल सोडायचे, आणि करंगळी जिथे तळहाताला मिळते तिथे टेबलाचा वरचा पृष्ठभाग यायला हवा. करून बघा. ५ फूट ५ इंच उंचीच्या माणसाला हे माप २९-३० इंचांच्या आसपास येतं. ६ फूट १ इंचवाल्याला ३३ च्या जवळपास. छत्तीस कुणालाच येत नाही. ज्याला येईल तो बास्केटबॉल खेळत असेल, सुतारकाम नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती तितक्याच अनुभवी माणसाची आहे. पॉल सेलर्स हा इंग्रज सुतार हातहत्यारांनीच काम करतो, त्यानं असंख्य लोकांना शिकवलंय, आणि तो ३८ इंचांच्या आसपासचं टेबल वापरतो आणि तेच चांगलं म्हणतो. त्याचा मुद्दा असा की रंध्याचं पातं धारदार असेल तर वरून दाबायची गरजच नाही, आणि उंच टेबलावर पाठ सरळ राहते. नुसतं ऐकलं तर हे श्वार्झच्या बरोबर विरुद्ध वाटतं. पण तो काय बनवतो ते बघा. बरंचसं काम वाइसमध्ये धरलेल्या छोट्या तुकड्यांचं: सांधे कापणं, पटाशीनं साफ करणं, खुणा करणं. रंधाही मारतो, पण खडबडीत फळ्या तासन् तास सपाट करणं हा दिवसाचा मुख्य भाग नाही. शिवाय त्याची धार त्याची आहे. आपण महिन्यातून दोनदा पातं घासणारी माणसं. आपल्या धारेला दाब लागतो, हे मान्य करून पुढे जाऊ.

म्हणजे "कुठली उंची बरोबर?" हा प्रश्नच अर्धा आहे. कुठल्या कामाला, हा उरलेला अर्धा. एटिएन ग्रँडजाँ या स्विस तज्ज्ञाच्या एर्गोनॉमिक्सच्या पाठ्यपुस्तकात उभ्यानं करायच्या कामाचे तीन पट्टे दिलेत, आणि त्यांचं माप जमिनीपासून नाही, कोपरापासून आहे. बारीक, नजरेचं काम कोपराच्या ५ ते १० सेंटिमीटर वर. हलकं हातकाम कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली. जोराचं, वजन टाकायचं काम १५ ते ४० सेंटिमीटर खाली. आता ५ फूट ५ इंचवाला घ्या. बूट घालून त्याचं कोपर साडेएक्केचाळीस इंचांवर धरू. बारीक काम आलं ४३ ते ४५ वर. हलकं काम ३६-३७ वर. रंधा, पटाशी, ठोकाठोकी ३५ च्या खाली, आणि करंगळीवालं ३० त्याच पट्ट्यात मध्यभागी बसतं. एका माणसाच्या एका छंदात १५ इंचांचा फरक, आणि आपण सगळ्याला एकच आकडा लावतो.

या हिशोबात ३६ चं काय होतं ते बघा, कारण मला ३६ ला उगाच बदनाम करायचं नाहीये. सँडर फिरवणं, स्क्रू मारणं, पॉलिश लावणं, राउटर चालवणं (राउटर म्हणजे लाकडात खाचा पाडणारा, आपला नेहमीचा नव्हे), हे सगळं 'हलकं हातकाम'. त्याला आपल्या उंचीच्या माणसाला ३६ ठीक आहे. ज्यानं ठरवलंय की मी रंध्याला हात लावणार नाही, लाकूड दुकानातून तासून आणणार आणि बाकी सगळं विजेवर करणार, त्यानं ३५-३६ चं टेबल करावं आणि श्वार्झचं पुस्तक वाचून मनस्ताप करून घेऊ नये. राउटरची मूठ फळीच्या चार-पाच इंच वर असते, तेव्हा तेवढं ध्यानात घेऊन इंचभर कमीच बरं.

त्रास होतो तो मधल्या लोकांना. आमच्या गावातला एक मित्र, उंची ५ फूट ४ इंच, वय अडतीस. दोन वर्षं विजेच्या हत्यारांवर मजेत काम केलं. मग आवाजाला आणि धुळीला कंटाळून (घरात लहान बाळ, दुपारी झोपणारं) हातरंध्यांकडे वळला. चांगले जुने लोखंडी रंधे जमवले, धार लावायला शिकला. टेबल तेच, ३६ इंची. सहा महिन्यांत उजवा खांदा इतका दुखायला लागला की रात्री कूस बदलता येईना. त्याचा निष्कर्ष असा, की हे काम तरुणपणी शिकलेल्यांचं, आपल्याला आता झेपणार नाही. रंधे विकायला काढले. मी त्यातला एक घ्यायला गेलो होतो, तेव्हा त्याला म्हटलं जरा मारून दाखव. टेबलाशी उभा राहिला तर रंध्याची मूठ त्याच्या पोटाच्या वर! कोपरं पंखांसारखी बाहेर. रंधा तिथेच ठेवला, टेपनं त्याच्या करंगळीचं माप घेतलं, २९ आलं. त्या रविवारी टेबल आडवं करून चारही पायांचे सहा-सहा इंच कापले. खांदा पूर्ण बरा व्हायला पुढे चार-पाच महिने आणि फिजिओथेरपी लागली, जादू वगैरे काही नाही. पण बाळासाठी त्यानं अक्रोडाचा पलंग त्याच टेबलावर केला. मला तो रंधा अजून मिळालेला नाही.

इथे कुणीतरी म्हणणारच, की आपले सुतार जमिनीवर बसून काम करायचे, त्यांना कुठलं टेबल होतं? प्रश्न रास्त आहे. मी स्वतः लहानपणी वाड्याच्या ओसरीवर सुतार बसलेला बघितलाय. एक पाय लांब, दुसऱ्याच्या टाचेखाली फळी दाबलेली, हातात वाकस. त्याच्याकडे वाइस नव्हता, कारण त्याचे पाय हाच वाइस होता. जपानी सुतारही खाली बसून किंवा बुटक्या तुळईवर काम करतात, आणि त्यांचा रंधा नि करवत ओढायची असते, ढकलायची नसते. रोमन लोकांची बाकं गुडघ्याएवढी बुटकी असत. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेल्या हर्क्युलेनियममधल्या एका भिंतीवरच्या चित्रात पंखवाली बाळं तसल्या बाकावर लाकूड कापताना दिसतात. म्हणजे छातीएवढ्या टेबलाशी उभं राहूनच उत्तम काम होतं असं अजिबात नाही. पण ओसरीवरचा सुतार उकिडवा बसून सहा तास काम करू शकत होता, कारण तो जन्मभर तसाच बसत होता. आपल्यातल्या कितीजणांना दहा मिनिटं उकिडवं बसता येतं? टाचा टेकवून? घरी करून बघा आणि मग जमिनीचा आग्रह धरा. त्याच्याकडून एक गोष्ट मात्र आपल्याला घेता येते: तो उंची कामागणिक बदलायचा. करवतीला ठोकळ्यावर, रंध्याला तिरकी टेकवलेली फळी, बारीक कोरीव काम थेट मांडीवर, डोळ्यांजवळ. त्याच्याकडे टेबल एकही नव्हतं आणि उंच्या चार होत्या. आपल्याकडे टेबल असतं आणि उंची एक.

इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी टी-लॅप जॉइंटचा जॉब केलाय. तिथली बेंचं आठवा. सगळी एकाच उंचीची, आणि बॅचमधली बुटकी मुलं पायाखाली फळी घेऊन करवत चालवायची. कॉलेजला ते माफ आहे. साठ मुलांना साठ बेंचं कोण देणार? अशा ठिकाणी सरासरी लागते. अहमदाबादच्या एनआयडीनं १९९७ साली भारतीय शरीरमापांचं देबकुमार चक्रवर्तींचं पुस्तक काढलं, ते ह्याचसाठी, की कारखान्यांनी आणि डिझाइन करणाऱ्यांनी परदेशी आकडे डोळे झाकून लावू नयेत. पण गराजमध्ये आपण कारखाना नाही. युजर एक, फार तर दोन. युजर समोर उभा असताना सरासरीवर डिझाइन करणं हे ऑफिसात कुणी केलं तर आपण त्याला काय म्हणू?

दोन युजरचा प्रश्न खरा अवघड, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. माझी बायको ५ फूट १ इंच, मी ५ फूट ८. तिचे डोव्हटेल सांधे माझ्यापेक्षा चांगले येतात, हे आमच्याकडे आलेल्या कुणीही ड्रॉवर ओढून बघावं. तरी बहुतेक घरांत टेबल नवऱ्याच्या उंचीचंच होतं, किंवा नवऱ्याच्याही नाही, प्लॅनवाल्या सहा फुटी माणसाच्या उंचीचं. मग बायको एकदा उभी राहते, हात वर करून करवत धरते, म्हणते "हे काही आपलं काम नाही", आणि निघून जाते. अशी किती माणसं या छंदाबाहेर गेली असतील. माझं मत स्पष्ट आहे: दोघं वापरणार असतील तर टेबल बुटक्या माणसाच्या मापाचं करा. उंच माणसासाठी काम वर उचलता येतं, बुटक्यासाठी जमीन वर उचलणं कठीण. पायाखाली सुटं स्टूल किंवा फळी घेऊन उभं राहणं तर अजिबात नको. हातात पटाशी असताना मागे पाऊल टाकलं आणि फळी संपली, की काय होईल ते सांगायला नको.

काम वर उचलायचं कसं, तर टेबलावर टेबल. सहा इंच उंचीचा भक्कम खोका, पुढे दोन स्क्रूंचा वाइस, आणि तो क्लॅम्पनं मोठ्या टेबलाला आवळायचा. दोन स्क्रूंच्या या वाइसला आजकाल सगळे मोक्सन वाइस म्हणतात, जोसेफ मोक्सन या सतराव्या शतकातल्या इंग्रज लेखकाच्या नावावरून. सांधे कापताना आपण करवतीच्या रेषेकडे बघत असतो, तेव्हा लाकूड डोळ्यांकडे आणायचं, डोळे लाकडाकडे न्यायचे नाहीत. हा खोका आला की ३० इंचांचं टेबल ३६ चं होतं, आणि वाइसमधून लाकूड तीन-चार इंच वर काढून धरलं की करवतीची रेघ ४० च्या जवळ जाते. झाल्यावर खोका खाली ठेवून द्या. म्हणूनच मी म्हणतो की शंका असेल तर मुख्य टेबल खालीच ठेवा.

आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे आता उंची बदलणारं विजेचं डेस्क आहे, तेव्हा त्याचेच पाय गराजमध्ये का नकोत, असं विचारणारे भेटतात. सँडिंगला, पॉलिशला, जुळवाजुळवीला जरूर वापरा, मस्त चालतात. रंध्याला नाही. पाय वर गेले की डेस्क पुढे-मागे डुलतं. मॉनिटर ठेवला तर कॉफी हलते एवढंच, पण रंध्याचा प्रत्येक रेटा त्या डुलण्यात जातो, आणि पटाशीवर मारलेला मोगरीचा घाव मोटरच्या गिअरमध्ये. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या लंडन-दुबईकरांसाठी घडीचं वर्कमेट आहे. रॉन हिकमन, ज्यानं लोटस एलान गाडी डिझाइन केली, त्यानं कपाट बनवताना घरातली चांगली खुर्ची करवतीनं कापली आणि त्यातून हे सुचलं. ब्लॅक अँड डेकरनं १९७० च्या दशकात ते घराघरात नेलं. त्याच्या मूळ रूपात उंच्या दोन होत्या, खालचे पाय दुमडले की गुडघ्याजवळ, उघडले की कामाच्या उंचीवर. दोन उंच्यांवाला प्रकार आजही शोधून घेण्यासारखा आहे. एकच उंची असलेलं स्वस्त मॉडेल घेऊ नका.

टेबल-सॉचं गणित वेगळं. तो जिथे आहे तिथे आहे, मोठे कॅबिनेट सॉ बहुतेक ३४ इंचांच्या आसपास. काही मंडळी त्यालाच सगळ्या गराजची समुद्रसपाटी मानतात आणि प्रत्येक टेबल ३४ वर आणतात, म्हणजे कुठलंही टेबल सॉच्या मागे लावता येईल. प्लायवूडची कपाटंच करणाऱ्याला हे जमतं. बाकीच्यांनी सॉच्या मागचं टेबल वेगळं करावं, आणि तेही सॉच्या बरोबरीला नको, केसभर, फार तर सोळांश इंच खाली, नाहीतर फळीचं टोक त्याच्या कडेवर अडतं. चालू पात्यावर फळी अडली की ती मागे उडते. बुटक्यांनी आणखी एक बघावं: सॉखाली घातलेला चाकांचा बेस उंची वाढवतो. पात्यावरून पुढे वाकून हात लांबवावा लागतोय असं वाटलं तर बेस काढा, आणि ढकलायची काठी लांब घ्या.

जुळवाजुळवीचं टेबल ही तिसरी जात, त्यावर एका वाक्यात: कपाट ३० इंच उंच असेल आणि टेबल ३६, तर क्लॅम्प ६६ इंचांवर आवळायचा आहे, तेव्हा हे टेबल २४-२६ च्या वर नको.

माप घ्यायची पद्धत सांगतो. कामाचे बूट घालून उभं राहायचं, अनवाणी नाही. पायाखाली जाड रबरी मॅट अंथरणार असाल तर तीही तेव्हाच घ्या, कारण पाऊण इंचाची मॅट म्हणजे पाऊण इंचानं बुटकं टेबल. माप दुसऱ्यानं घ्यायचं. स्वतः घ्यायला गेलं की खांदा खाली झुकतो. मग लगेच लाकूड कापू नका. घरात उंची बदलणारी एक गोष्ट आहेच, इस्त्रीचं टेबल. ते कोपराच्या वेगवेगळ्या खाली लावून त्यावर आठवडाभर भाजी चिरा, खोके उघडा, लॅपटॉप ठेवा. हलक्या कामाची उंची अंगाला कळते. रंध्याची उंची त्यावर कळणार नाही, त्यासाठी विटा किंवा २ बाय ४ च्या ठोकळ्यांवर जाड फळी रचून, भिंतीला टेकवून, पंधरा मिनिटं रंधा मारायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे दुखतंय ते बघायचं. मांड्या दुखल्या तर उत्तम. खांदा दुखला तर एक ठोकळा काढा. कंबर दुखली तर एक घाला.

टेबलाचे पाय दोन इंच जास्त लांब ठेवा आणि महिन्याभरानं कापा. आणि कापायच्या आधी गराजची जमीन बघा. पाणी बाहेर जावं म्हणून इथल्या गराजच्या जमिनीला दाराकडे उतार असतो. दर फुटाला अष्टमांश इंच जरी धरला तरी सहा फुटी टेबलाच्या दोन टोकांत पाऊण इंचाचा फरक पडतो. टेबल जिथे कायम राहणार तिथेच उभं करून, लेव्हल लावून, मग पाय कापायचे. जागा नंतर बदललीत तर पाचर मारत बसावं लागेल.

हिवाळ्याआधी ज्यांना टेबल उभं करायचंय त्यांनी माप कळवलं तर मी आनंदानं हिशोब करून देईन. कोपर आणि करंगळी, दोन्ही कळवा, वर मुख्य काम कुठलं तेही. आणि कृपा करून आकड्यापुढे इंच की सेंटिमीटर ते लिहा. मागे एका गृहस्थांनी नुसतं "७४" कळवलं होतं. करंगळी सेंटिमीटरमध्ये असेल असं मी धरून चाललोय.